वाचकांचे प्रश्न : रोमची कारंजी आणि पँथिऑनचा घुमट

प्रश्न : ट्रेव्ही कारंजं रस्त्याच्या पातळीखाली, खड्ड्यात बसवल्यासारखं का आहे? आणि पंप नव्हते तेव्हा त्यात पाणी खेळायचं कसं? (सांगली)

उत्तर : दोन्हींचं उत्तर एकच, उतार. ट्रेव्हीला पाणी पुरवणारा कालवा म्हणजे अक्वा व्हर्गो. सम्राट ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा याने तो इ. स. पू. १९ मध्ये बांधला. शहराच्या पूर्वेच्या झऱ्यांपासून सुमारे २१ किलोमीटर, बहुतेक सगळा जमिनीखालून. झरे समुद्रसपाटीपासून सुमारे २४ मीटरवर आणि कालव्याचं शहरातलं टोक २० मीटरवर. म्हणजे सगळ्या वाटेत मिळून उतार चार मीटर, किलोमीटरमागे जेमतेम एक वीत!

पंपाशिवाय पाणी उगमाच्या पातळीच्या वर चढत नाही, आणि वाटेतल्या घर्षणात त्यातलीही थोडी उंची जाते. त्यामुळे या कालव्यावर कारंजं बांधायचं, तर पाण्याला वर आणण्यापेक्षा हौद खाली नेणं भाग होतं. ट्रेव्हीचं काम १७३२ मध्ये वास्तुकार निकोला साल्व्हीने सुरू केलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १७६२ मध्ये संपलं. तिथे आकाशात उडणारा फवारा नाही. पाणी खडकांवरून पसरत, कोसळत येतं. दाब कमी, पण पाणी भरपूर, त्याचा हा उपयोग. स्पॅनिश पायऱ्यांसमोरचं १६२९ चं होडीचं कारंजंही याच पाण्यावरचं. होडी अर्धी बुडालेली दाखवली ही कल्पकता खरीच, पण तिच्यामागे दाबाचा नाइलाज आहे.

आता याच्या उलट जानिकुलम टेकडीवरचं १६१२ चं कारंजं बघा. त्याचं पाणी ब्राच्चानो सरोवराच्या बाजूने, बऱ्याच उंचीवरून येतं. सेंट पीटर चौकातले उंच फवारे त्याच पाण्याच्या दाबावर उडू लागले.

इतक्या कमी उताराला दुखणीही असतात. पाणी संथ, म्हणून गाळ बसतो. पाण्यात चुना असेल तर भिंतींवर क्षाराचे थर चढून नळाचं पोट आवळत जातं. ते छिन्नीने खरवडायला माणूस उतरावा म्हणून ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडं ठेवलेली असत. पुण्यात कात्रजच्या पेशवेकालीन नळावरचे उच्छ्वास पाहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

कालवा प्रत्यक्ष पाहायचा तर ट्रेव्हीपासून चालत काही मिनिटांवर व्हिया देल नाझारेनो या गल्लीत त्याच्या कमानी आहेत, सम्राट क्लॉडियसच्या दुरुस्तीच्या शिलालेखासह. ट्रेव्हीच्या हौदातलं पाणी मात्र आता पंपाने फिरवलेलं असतं, ते पिऊ नका.

प्रश्न : नवोना चौकातल्या चार नद्यांच्या कारंज्यात गंगा पुरुष का? (इंदूर)

उत्तर : युरोपीय शिल्पात नदीचा देव म्हणजे दाढीवाला पुरुष, हा रोमन काळापासूनचा संकेत. शिल्पकार बेर्निनीच्या या कारंज्यात (१६५१) नाईल, डॅन्यूब, गंगा आणि ला प्लाता या चार खंडांच्या नद्या आहेत. गंगेच्या हातात लांब वल्हं आहे, नदी नौकानयनाला योग्य हे सांगायला. मकर नाही, कुंभ नाही. ओळखायची ती वल्ह्यावरून. नाईलचं डोकं झाकलेलं आहे, कारण तिचा उगम तेव्हा युरोपला ठाऊक नव्हता. समोरचं चर्च कोसळेल या भीतीने ला प्लाताने हात वर केला, ही गोष्ट मजेदार असली तरी खोटी. चर्चचं काम कारंज्यानंतर, १६५२ मध्ये सुरू झालं.

प्रश्न : पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या घुमटाच्या भोकातून पाऊस आत येत नाही म्हणतात. खरं का? आणि सळईशिवाय तो टिकला कसा? (ठाणे)

उत्तर : पाऊस येतो, चांगला येतो. भोकाचा व्यास सुमारे ९ मीटर आहे. फरशी मध्यभागी किंचित फुगीर ठेवली आहे आणि तिच्यात बारीक छिद्रं आहेत, त्यांतून पाणी निघून जातं. पावसात मधला भाग दोरीने बंद करतात. ओला संगमरवर घसरतो, तेव्हा चप्पल जपून.

घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, जमिनीपासून भोकापर्यंतची उंचीही तेवढीच. काम सम्राट हेड्रियनच्या काळातलं, इ. स. १२६ च्या सुमाराचं. दर्शनी भागावर नाव मात्र अग्रिप्पाचं, कारण आधीचं मंदिर त्याचं. युक्ती वजनात आहे. तळाशी घुमट सहा मीटरहून जाड, भोकापाशी जेमतेम सव्वा मीटर. काँक्रीटमधली खडीही वर जाताना बदलते: खाली जड दगड, मधे विटांचे तुकडे, माथ्याला सच्छिद्र, हलका ज्वालामुखी दगड. आतल्या चौकोनी खाचांनीही वजन कमी होतं.

तरीही भेगा पडल्याच आहेत. घुमटाचा खालचा पट्टा बाहेर फाकू पाहतो आणि काँक्रीटला ताण सोसत नाही, म्हणून भेगा उभ्या गेल्या. पण बाहेरून दिलेले जाड पायऱ्यांसारखे थर आणि खालची सुमारे सहा मीटर जाडीची भिंत तो रेटा पेलतात. आपल्या स्लॅबचं दुखणं वेगळं: सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. इथे सळईच नाही.

प्रश्न : रस्त्यावरच्या लोखंडी नळांचं पाणी प्यावं का? (पणजी)

उत्तर : खुशाल प्या. १८७४ पासूनचे हे नळ, वाकड्या तोटीमुळे स्थानिक लोक त्यांना 'नाझोने', म्हणजे मोठं नाक, म्हणतात. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की तिच्या वरच्या बाजूच्या छिद्रातून धार उडते. ती तोंडाशी घ्या, वाकायला नको. चेहरा आधी बाजूला ठेवा, धार जोरात येते.