श्रद्धा ही पोट भरलेल्यांची चैन आहे का?

नोकरी सुटून आठ महिने झाले, वडील अंथरुणाला खिळलेत आणि अशात "देवावर भरवसा ठेव" म्हणणाऱ्यांचा राग येतो, असं तुम्ही लिहिलंय. राग यायलाच हवा. पण 'चैन' हा शब्द मला लागला. माझे दीर हाच शब्द कित्येक वर्षं सासूबाईंना ऐकवतायत.

1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची थोरली बायको अन्नावाचून गेली, दुकान बुडालं. अभंग त्यानंतरचे. यात चैन कुठे आली?

मी हडपसरला डबे करते. नवरा आधीच गेलेला. 2020 च्या मार्चमध्ये 34 डबे होते. टाळेबंदीत डबे घेणारी पोरं गावाकडे परतली आणि मेमध्ये 5 उरले. घरभाडं आणि बचत गटाचा हप्ता मात्र चालूच. त्यात पायी वारी रद्द झाली, माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. सासूबाईंची बावीस वर्षांची वारी चुकली. मला वाटलं, आता या खचणार.

त्यांना वारीच्या वाटेवरचे मुक्काम पाठ. पहाटे पाचला आंघोळ करून, तुळस डोक्यावर घेऊन गच्चीत फेऱ्या सुरू. पालखी दिवेघाट चढते त्या दिवशी चार मजल्यांचा जिना सहा वेळा चढल्या-उतरल्या. मी ओरडले, ऐकलं नाही. चांदोबाचा लिंब, म्हणजे वारीत घोड्यांचं रिंगण होतं ती जागा, त्या दिवशी खालच्या घरातली दोन पोरं गच्चीत आणून पळवली, रिंगण म्हणून. डोक्यावर सासूबाईंची पावलं वाजली की मी उठायची आणि पाचच डब्यांची का होईना, कणीक मळायला घ्यायची.

एक दिवस त्यांनी दिंडीच्या भिशीसाठी, म्हणजे वारीतल्या वर्गणीसाठी, साठवलेले 6,400 रुपये माझ्यापुढे ठेवले. म्हणाल्या, "पीठ-तेल भर." त्यावर मी विलगीकरणातल्या घरांना डबे द्यायला लागले.

दीर म्हणतात, बघा, वारी नव्हती म्हणून पैसे कामी आले. अहो भावजी, वारी होती म्हणून ते पैसे होते! दहा-दहाच्या नोटा वर्षभर पांडुरंगासाठीच डब्यात पडत होत्या. हप्त्याच्या धाकानं आमच्या घरात कधी एक रुपया साठला नाही.

तुम्ही विचारलंत, विश्वास परत कसा मिळवायचा. तो वाटेपर्यंत थांबू नका. रोज ठरल्या वेळी एक ठरलेलं काम करा. वडिलांचं अंग पुसणं घ्या. देवाचं नाव नाही घेतलं तरी चालेल. मी स्वतः तेव्हा घेत नव्हते.

आणि हो, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जा. कर्जही नामस्मरणानं फिटत नाही, माझं अजून थोडं बाकी आहे.

भावजी, तुम्ही हे वाचत असाल तर सांगते. आईंचे गुडघे यंदा साथ देणार नाहीत. दिंडीची भिशी मी भरलीय, माझ्या नावानं.