क्रूझवर घड्याळ रोज बदलतं, मग आईच्या इन्सुलिनच्या वेळा कशा सांभाळायच्या?

तुमची आई इन्सुलिनवर आहे, साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला बोटीने जायचंय आणि रोज बदलणाऱ्या घड्याळाची धास्ती वाटतेय, असं तुम्ही लिहिलंय. आम्ही दोघं पुण्याहून याच प्रवासाला गेलो होतो, परतही बोटीनेच आलो. माझ्या पत्नीला मधुमेह आहे, त्यामुळे ही काळजी मला चांगली ठाऊक आहे.

खरी उडी बोटीवर नसते, विमानात असते. मुंबई ते लंडन एका झटक्यात साडेचार तासांचा फरक पडतो (उन्हाळ्यात, हिवाळ्यात साडेपाच). त्या दिवशी कोणतं इन्सुलिन किती आणि कधी, हे आमच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. तुम्हीही निघण्यापूर्वी तसा कागद मागून घ्या. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, सामानात टाकू नका.

बोटीवर फरक तासातासाने पडतो. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पाच तासांचं अंतर, म्हणून सात रात्रींपैकी पाच रात्री घड्याळ एक तास मागे. दिवस २५ तासांचा होतो, झोप जास्त मिळते. हिचं रात्रीचं इन्सुलिन बोटीच्या घड्याळाप्रमाणे दहालाच घ्यायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. तासाभराने तिच्या बाबतीत बिघडणार नव्हतं. आईंचं औषध वेगळं असेल, तेव्हा हेही विचारून घ्या.

येताना मात्र जपावं लागतं. दिवस २३ तासांचे, आणि आमच्या बोटीवर घड्याळ भर दुपारी पुढे करायचे. बारा वाजले म्हणता म्हणता एक! नाश्ता अजून पोटात आणि जेवणाची वेळ झालेली. जेवणाआधीचं इन्सुलिन घड्याळ बघून टोचायचं नाही, ताट समोर आलं की मगच, हे आम्हाला डॉक्टरांनी बजावलं होतं आणि तिथे ते पदोपदी उपयोगी पडलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रात्री झोप येईना. सकाळी डेकवर उन्हात तासभर चालायला लागलो, तेव्हा कुठे बरं वाटलं.

फोनवर विसंबू नका. 'आपोआप वेळ' बंद करा आणि बोटीची वेळ हाताने लावा. भूमध्य समुद्रातल्या एका क्रूझवर आम्ही ग्रीसच्या कॉर्फू बेटावर उतरलो होतो. समोरच अल्बानिया, तिथलं घड्याळ एक तास मागे. माझ्या फोनने तिकडचा टॉवर पकडला आणि आम्ही निवांत कॉफी पीत बसलो. हिच्या मनगटावर बोटीची वेळ होती म्हणून धक्क्यावर वेळेत पोचलो. बोटीवर परतण्याची वेळ नेहमी बोटीच्या घड्याळाची असते, आणि बोट थांबत नाही.

माझ्या हातात एचएमटीचं जुनं घड्याळ होतं, ते मी सगळा प्रवास पुण्याच्या वेळेवर ठेवलं. निघालो त्या दिवशी दुपारी बाराला फोन लावला तर पुण्यात साडेचार. न्यूयॉर्कला पोचलो तेव्हा त्याच बाराला पुण्यात रात्रीचे साडेनऊ, नात झोपलेली. म्हणून फोन रोज थोडा आधी लावत गेलो, शेवटी तर नाश्त्याच्या टेबलावरूनच.