वाचकांचे प्रश्न : गीतकाराने काय वाचावे?

प्रश्न : दोन वर्षे गाणी लिहितो आहे. प्रत्येक गाण्यात चांदणे, पाऊस, आठवण, मन हेच येते. सगळे म्हणतात, 'वाचन वाढव'. कवितासंग्रह तर वाचतोच. आणखी काय वाचू आणि किती? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : कवितासंग्रहांतही चांदणेच भेटणार! आधी आपली शेवटची 10 गाणी काढा आणि फक्त क्रियापदांखाली रेघ मारा. बहुधा येणे, जाणे, होणे, वाटणे एवढ्यावरच भागवलेले दिसेल. नाम जुने असले तरी खपते. गाणे मिळमिळीत होते ते क्रियापदामुळे. आणि क्रियापदे भेटतात ती कामधंद्याच्या लेखनात. शेतीवरचे लेख, पाककृतींची पुस्तके, आत्मचरित्रे, बोलीतल्या कथा वाचा. मोल्सवर्थचा शब्दकोश नुसता चाळला तरी चार दिवसांची शिदोरी मिळते.

रोज 20 मिनिटे पुरेत, त्यातली 5 मोठ्याने. वहीत रोज तीनच शब्द उतरवा. दहा-दहा उतरवणाऱ्यांच्या वह्या भरतात, पण पुन्हा उघडल्या जात नाहीत. शब्दापुढे तो कशाबद्दल आला ते लिहा आणि अक्षरे मोजून ठेवा. पाऊस नुसता पडत नाही. तो झोडपतो, भुरभुरतो, दडी मारतो, उघडीप देतो. 'झोडपतो' चार अक्षरांचा, 'भुरभुरतो' पाचांचा. चालीत जागा किती आहे, त्याप्रमाणे हात घालता येतो.

एक धोका आहे. आवडलेली ओळच्या ओळ वहीत उतरवली की महिन्याभराने ती आपलीच वाटू लागते. म्हणून शब्द घ्या, ओळ नको. ओळ हवीच असेल तर वेगळ्या पानावर, कवीच्या नावासकट.

प्रश्न : संगीतकार आधी चाल पाठवतात. मी अक्षरे मोजून लिहिते, तरी गाताना शब्द तुटतात. इथे वाचन काय कामाचे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : मोजणी बरोबर असेल, चूक थांब्याची आहे. समजा चाल चार अक्षरांवर थांबते आणि ओळ आहे 'तुझ्या दारात पाऊस'. अक्षरे आठ भरली, पण गायिका म्हणणार, 'तुझ्या दारा... त पाऊस'. त्याऐवजी 'तुझ्या दारी पावसाळा' लिहा : चार आणि चार. अर्थ किंचित सरकला, तेवढा गाण्यात चालतो. 'दारात'ला 'दारी' हे दुसरे रूप आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असते, पण ऐन वेळी आठवते ते ओव्या-अभंग मोठ्याने वाचणाऱ्याला.

तुकोबांचे 'सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनियां' बोटांवर मोजा. अक्षरे 6, 6, 6, 4. जोडाक्षर एकच धरायचे. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. एकही शब्द दोन चरणांत चिरलेला नाही. शेवटी 'ठेवून' असते तर एक अक्षर उणे पडले असते. असे रोज दोन अभंग, महिनाभर.

मात्र जुन्या रूपांची खिरापत वाटू नका. 'दारी', 'घरी' आजही तोंडात आहेत. 'नभी, हृदयी, जीवनी' एकामागून एक आले की आजीच्या रेडिओची आठवण होते.

मोठ्याने वाचताना आणखी एक गोष्ट पकडता येते. ऱ्हस्व अक्षर लांब स्वरावर पडले की शब्दच बदलतो : 'दिन' ताणला की 'दीन' होतो, 'सुत'चे 'सूत' होते. डोळ्यांना हे दिसत नाही. स्वर जिथे लांबतो तिथे 'आ' किंवा 'ओ'चे अक्षर येऊ द्या. 'आभाळ'मधला 'भा' कितीही ताणा, बिघडत नाही.

प्रश्न : वाचण्यापेक्षा भरपूर गाणी ऐकली तर? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : ऐकाच, पण चाल लंगडी ओळसुद्धा पाठुंगळी घेऊन जाते. आवडते गाणे हाताने उतरवा आणि गद्यासारखे वाचा. जिथे कंटाळा आला, ती ओळ चालीने तारली होती असे समजा. 'गीतरामायण' असे वाचण्याजोगे आहे. 1955 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर सुरू झालेली गदिमांची ही 56 गाणी पुस्तकात सलग वाचता येतात. प्रत्येक गाण्याच्या समासात तीन गोष्टी टिपा : कोण बोलते आहे, कोणाशी आणि कोणत्या घडीला. मग आपल्या गाण्याला तेच तीन प्रश्न विचारा. उत्तर सापडत नाही तिथेच 'मन' आणि 'आठवण' येऊन बसतात. चिपळूणच्या वाचकांनीही हे करून पाहावे.