आपल्याच यानात बंदी झालेला कप्तान : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेतील ‘स्टारशिप माइन’ हा भाग नुकताच पुन्हा पाहिला. एन्टरप्राइझ यानात साचलेले बॅरिऑन कण काढून टाकण्यासाठी ते गोदीत लावतात आणि सर्वांना खाली उतरवतात. घोड्याचे खोगीर आणण्यासाठी परत गेलेला कप्तान पिकार्ड आतच अडकतो, आणि यानात चोरांची टोळी शिरल्याचे त्याला कळते. दरम्यान सजीवांना मारक असा किरणांचा पडदा यानातून पुढे पुढे सरकत असतो. बॅरिऑन म्हणजे नेमके काय, आणि ते असे झाडून काढता येतील का? — एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : झाडून काढता येतील, परंतु मग मागे यान उरणार नाही. क्वार्क नावाच्या तीन मूलकणांनी बनलेल्या कणांच्या कुळाला बॅरिऑन म्हणतात, आणि अणुकेंद्रात असणारे प्रोटॉन व न्यूट्रॉन हे त्या कुळातील आपल्या सर्वाधिक परिचयाचे सदस्य आहेत. इलेक्ट्रॉन वस्तुमानाने इतके क्षुल्लक असतात की यानाचा पत्रा, पिकार्डचे खोगीर आणि स्वतः पिकार्ड यांचे ९९.९ टक्क्यांहून अधिक वस्तुमान बॅरिऑनांचेच असते. तेव्हा ‘यानात बॅरिऑन साचले आहेत’ हे विधान शब्दशः घेतले, तर यान ही वस्तूच त्या साचण्याचा परिणाम ठरते. मार्च १९९३ मध्ये प्रसारित झालेल्या या भागाच्या लेखकाला, म्हणजे मॉर्गन गेंडेल यांना, एक भारदस्त शास्त्रीय नाव हवे होते आणि त्यांनी ते निवडले, एवढाच याचा अर्थ आहे असे आम्हांस वाटते.

तथापि नाव चुकले म्हणून कल्पना टाकाऊ ठरत नाही. अतिवेगाने प्रवास करणाऱ्या यानावर वाटेतील द्रव्याचा काहीतरी लेप चढेल आणि ते किरणोत्सारी होत जाईल, ही शंका भौतिकीच्या दृष्टीने अगदी योग्य आहे. आपल्या आसपासच्या आंतरतारकीय अवकाशात, अगदी ढोबळमानाने, एका घनसेंटिमीटरमध्ये एखादा अणू असतो आणि तो बहुधा हायड्रोजनचा असतो. ही विरळता मानवनिर्मित कोणत्याही निर्वातापेक्षा अधिक आहे. परंतु यान प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने जात असेल, तर समोरून येणाऱ्या प्रत्येक प्रोटॉनची गतिज ऊर्जा यानाच्या दृष्टीने सुमारे ५.७ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते, म्हणजे यानाचा दर्शनी भाग अखंडपणे कणत्वरकाच्या झोतासमोर धरल्यासारखा होतो. असे प्रोटॉन धातूतील अणुकेंद्रे फोडतात, त्यांतून न्यूट्रॉन सुटतात, आणि एरवी निरुपद्रवी असलेल्या पोलादात किरणोत्सारी समस्थानिके तयार होऊ लागतात. मालिकेतील यान प्रकाशापेक्षाही वेगाने जाते, त्यामुळे हे गणित तेथे लागू होत नाही. मात्र खरे आंतरतारकीय यान कधी बांधले गेलेच, तर त्याच्या अभियंत्यांना या प्रश्नाचा विचार करावाच लागेल.

याचा एक छोटा, पण खराखुरा पुरावा आपल्या हाती आहे. एप्रिल १९८४ मध्ये चॅलेंजर या अवकाशयानाने एका बसएवढा उपग्रह पृथ्वीभोवतीच्या कक्षेत सोडला होता. दीर्घकाळ अवकाशात राहिल्यावर निरनिराळ्या पदार्थांचे काय होते, हे पाहणे एवढेच त्याचे काम होते. त्याला वर्षभरातच परत आणायचे ठरले होते, परंतु कार्यक्रम लांबत गेला, १९८६ मध्ये खुद्द चॅलेंजरचाच अपघात झाला, आणि अखेर जानेवारी १९९० मध्ये कोलंबिया यानाने त्याला पृथ्वीवर आणले. तपासणीत त्याच्या पोलादी भागांत वैश्विक किरणांमुळे व पृथ्वीभोवतीच्या प्रारणपट्ट्यांतील प्रोटॉनांमुळे निर्माण झालेला किरणोत्सार आढळला. त्याहून चकित करणारी गोष्ट अशी, की त्याच्या प्रवासाच्या दिशेकडील पृष्ठभागावर बेरिलियम-७ या समस्थानिकाचा थर सापडला, आणि मागील बाजूस तो जवळजवळ नव्हता. वैश्विक किरण वातावरणातील नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या अणुकेंद्रांवर आदळल्याने हे समस्थानिक तयार होते, त्यातील काही अंश फार उंचीवर पोहोचतो, आणि वाटेत आलेल्या उपग्रहाने तो आपल्या अंगावर गोळा केला होता. प्रवासामुळे अंगावर कण साचणे, आणि तेही पुढच्या बाजूस अधिक साचणे, हे मालिकेतील कल्पनेशी किती जुळते पाहा. फरक असा, की बेरिलियम-७ चे अर्धायुष्य अवघे ५३ दिवसांचे आहे, त्यामुळे हा थर काढण्यासाठी कोणत्याही गोदीत जावे लागत नाही. काही महिने वाट पाहिली की काम भागते.

प्रश्न : सफाईसाठी जहाज पूर्ण रिकामे करणे आणि आत राहिलेला माणूस मरणे, हे मला अतिरंजित वाटत नाही, परंतु घरातील मंडळींना ते पटत नाही. आपण खुलासा करावा. — जहाजावरून निवृत्त झालेले एक इंजिनिअर, रत्नागिरी

उत्तर : आपले म्हणणे बरोबर आहे. मालवाहू जहाजांच्या कोठारांत कीड मारण्यासाठी फॉस्फिन किंवा मिथाइल ब्रोमाइड यांसारखे वायू सोडतात, आणि जेथे ते काम बंदरात केले जाते तेथे संपूर्ण जहाज रिकामे करून घेण्याची पद्धत आहे. वायू सोडण्यापूर्वी माणसांची मोजदाद होते, जहाजाच्या शिडीशी धोक्याचे फलक लागतात, आणि तज्ज्ञाने वायूचे प्रमाण मोजून जहाज सुरक्षित असल्याचे लेखी दिल्याशिवाय कोणीही आत पाऊल टाकत नाही. विसरलेली वस्तू आणण्यासाठी परत जाणाऱ्याला या व्यवस्थेत मुळीच स्थान नाही, आणि नियम करणाऱ्यांनी पिकार्डसारखीच माणसे डोळ्यांपुढे ठेवली असावीत. कप्तानालाच अडवायचे कोणी, हा प्रश्न मात्र खऱ्या जहाजांवरही अवघड असतो.

एन्टरप्राइझच्या गोदीतील देखावा मात्र वायूपेक्षा दुसऱ्याच एका कामाच्या जवळ जातो. पोलादी जहाज पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात बांधले जाते आणि त्यातच फिरते, त्यामुळे त्यात हळूहळू चुंबकत्व मुरते. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, १९३९ मध्ये, जर्मनीने याच चुंबकत्वामुळे फुटणारे सुरुंग समुद्रात पेरले. तेव्हापासून युद्धनौकांना ठरावीक ठिकाणी उभे करून, त्यांच्याभोवती जाड केबलींचे वेढे घालून व त्यांतून प्रचंड विद्युतप्रवाह सोडून ते चुंबकत्व उतरवण्यात येऊ लागले. प्रवासात नकळत अंगात मुरलेली गोष्ट, ती उतरवण्यासाठी बांधलेले खास ठिकाण आणि त्यासाठी नौकेचे नेहमीचे कामकाज थांबवणे, या साऱ्या गोष्टी येथे आहेत. केवळ कोणाचा जीव जात नाही.

प्रश्न : चोरांच्या हाती सापडल्यावर पिकार्ड आपण यानावरील केशकर्तनकार मॉट असल्याचे सांगतो. कप्तानाने असे खोटे बोलणे शोभते का? आणि इतक्या व्यवसायांतून हाच का? — एक वाचक, पुणे

उत्तर : शोभते की नाही, हे समोर कोण आहे यावर अवलंबून आहे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या १७ व्या कलमानुसार युद्धकैद्याने आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक सांगणे बंधनकारक आहे, आणि जाणूनबुजून ते टाळणाऱ्याला हुद्द्यानुसार मिळणाऱ्या सवलतींवर मर्यादा येऊ शकतात. परंतु हा नियम दोन पक्षांतील सशस्त्र संघर्षासाठी आहे. केल्सी नावाच्या बाईची टोळी कोणत्याही राज्याच्या वतीने लढत नाही, ती पैशांसाठी चोरी करते. अशा टोळीपुढे खरा हुद्दा सांगण्याचे बंधन पिकार्डवर नाही. उलट, स्वतःची किंमत शत्रूला न कळू देणे हेच त्याचे कर्तव्य ठरते, कारण कप्तान ओलीस सापडला म्हणजे यानाचे सांकेतिक शब्द, एन्टरप्राइझ ज्या दलाचे यान आहे त्या तारकाताफ्याची (स्टारफ्लीटची) गुपिते आणि सौदा करण्याचे सर्वांत मोठे साधन, असे सर्व काही एकदम हाती लागते.

आता केशकर्तनकारच का, याविषयी. सोंग टिकायचे असेल तर ते खऱ्या माणसाचे असावे लागते. मॉट नावाचा केशकर्तनकार एन्टरप्राइझवर खरोखर आहे, त्यामुळे चोरांनी यानावरील लोकांच्या यादीत पाहिले असते तरी नाव सापडले असते. शिवाय तो माणूस इंजिनांविषयी काही न जाणणारा हवा, म्हणजे त्याच्याकडून काम करून घेण्याचा मोह चोरांना होणार नाही. आणि गणवेशाशिवाय यानात आढळला तरी संशय येणार नाही, असाही हवा. या अटी पूर्ण करणारे हुद्दे यानावर फार थोडे आहेत. गंमत अशी, की खरा मॉट निळ्या कातडीचा आणि पूर्ण टकला आहे, आणि पिकार्डही टकलाच आहे. यानावरील लोकांना जे पाहताच हसू आले असते, ते चोरांना कळण्याचे काही कारण नव्हते. या सोंगाचा कच्चा दुवा दुसरीकडे आहे: वाटा, झडपा, कोणता मजला कधी बंद होणार, हे सारे पिकार्डला फारच चांगले ठाऊक असते, आणि अडचणीच्या क्षणी ते ज्ञान लपवून ठेवणे त्याला जमत नाही. खोटे नाव घेणे सोपे असते, अज्ञानाचे सोंग वठवणे कठीण असते, आणि आमच्या मते हा भाग पाहण्याजोगा झाला आहे तो याच ताणामुळे.

प्राचीन काळी याच्या नेमके उलट वागलेला एक बंदी होऊन गेला. इसवी सनपूर्व ७५ च्या सुमारास तरुण जूलियस सीझर एजियन समुद्रात चाच्यांच्या हाती सापडला. प्लूटार्कने लिहिले आहे की त्यांनी २० टॅलेंट (टॅलेंट हे चांदी तोलण्याचे प्राचीन माप) खंडणी मागितली तेव्हा सीझर हसला, आणि आपली किंमत ५० टॅलेंट असल्याचे त्याने स्वतःच सांगितले. सुटल्यावर त्याने त्याच चाच्यांना पकडून सुळी दिले. ज्याच्यामागे पैसा आणि घराणे आहे त्याला ही ऐट परवडते. सरकता पडदा मागे लागलेल्या माणसाला नाही.

आजच्या समुद्रावर वेशांतरापेक्षा लपण्यावर अधिक भर असतो. जहाजात एक मजबूत खोली आधीच ठरवलेली असते, तिला ‘सिटाडेल’ म्हणतात. चाचे चढू लागले की सर्वांनी तेथे जाऊन आतून कुलूप लावायचे, आणि शक्य असेल तर इंजिन बंद करून टाकायचे. जानेवारी २०२४ मध्ये ‘लीला नॉरफोक’ या जहाजावरील १५ भारतीयांसह २१ जण अशाच खोलीत होते, आणि आयएनएस चेन्नईवरून गेलेल्या आपल्या मार्कोस कमांडोंनी त्यांना सुखरूप बाहेर काढले. एप्रिल २००९ मध्ये ‘मर्स्क अलाबामा’च्या बहुतेक खलाशांनीही स्वतःला खाली लपवले होते, परंतु कप्तान रिचर्ड फिलिप्स वर राहिले आणि चाच्यांनी त्यांनाच जीवरक्षक नौकेत घालून नेले, अमेरिकी नौदलाने चार दिवसांनी त्यांची सुटका केली. चाच्यांच्या हिशेबात कप्तानाचे मोल काय असते, हे त्यावरून दिसते. पकडलेल्या चाच्यांचे पुढे काय होते, असेही काही वाचक विचारतात. ‘रुएन’ या जहाजावरून मार्च २०२४ मध्ये शरण आलेल्या ३५ चाच्यांना आयएनएस कोलकाताने मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले, आणि त्यांच्यावरील कारवाईसाठी २०२२ चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदा उपलब्ध होता.

प्रश्न : चोर इंजिनातील ‘ट्रायलिथियम रेझिन’ चोरतात, आणि तो तर टाकाऊ पदार्थ आहे, असे संवादातच म्हटले आहे. कचऱ्यासाठी कोणी एवढा धोका पत्करील का? — एक शिक्षक, बेळगाव

उत्तर : ट्रायलिथियम रेझिन काल्पनिक आहे. लिथियमचे दोन अणू जोडलेला रेणू मात्र लिथियमच्या वाफेत खरोखर आढळतो, परंतु मालिकेतील यानांच्या इंजिनांत वापरल्या जाणाऱ्या डायलिथियम स्फटिकांशी त्याचे नावापलीकडे नाते नाही. आपल्या शंकेचे उत्तर रसायनशास्त्रापेक्षा भंगारबाजारात अधिक चांगले मिळते. सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया शहरात एका सोडून दिलेल्या रुग्णालयातून दोघांनी जुने उपचारयंत्र उचलून नेले. आतील सीझियम-१३७ ची निळसर चमकणारी भुकटी भंगारवाल्याकडून आप्तेष्टांपर्यंत हातोहात पसरली, चौघांचा मृत्यू झाला, आणि २४९ जणांच्या अंगावर वा शरीरात किरणोत्सारी द्रव्य आढळले. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात आलेल्या जुन्या यंत्रातील कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराला प्राण गमवावे लागले. या दोन्ही ठिकाणी हाताळणाऱ्यांना आपण काय उचलले आहे याची कल्पना नव्हती. केल्सीला ती पुरेपूर आहे, आणि म्हणूनच ती अधिक धोकादायक आहे. एकाच्या लेखी जो कचरा, तो दुसऱ्याला शस्त्र म्हणून विकता येतो, हे गणित तिला पक्के ठाऊक असते. तो पदार्थ स्थिर ठेवणारी लहानशी कांडी पिकार्ड काढून घेतो, आणि पळून जाणाऱ्या तिच्या यानाचा स्फोट होतो. असा सापळा रचणे केवळ केशकर्तनकाराला जमले नसते, हे तिच्या ध्यानात फार उशिरा आले असावे.

प्रश्न : घोड्याच्या खोगिराचे पुढे काय होते, आणि खाली मेजवानीत अखंड बडबडणाऱ्या हचिन्सनचा कथेशी संबंध काय? — एक वाचक, ठाणे

उत्तर : खोगीर हे पिकार्डला परत पाठवण्यासाठी लागणारे निमित्त आहे, त्यापलीकडे त्याला काम नाही. हचिन्सनची बडबड म्हणजे मात्र खोगीरभरती आहे; डेटा हा यंत्रमानव ती कला शिकण्याचा प्रयत्न करतो तेवढी मिनिटे मजेची आहेत, बाकी पिकार्डकडे लवकर परतावे असेच वाटत राहते.

प्रश्न : पिकार्ड ज्या पहिल्या चोराला बेशुद्ध करतो, तो नट ओळखीचा वाटला. तो कोण? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टिम रस. पिकार्ड त्याला मान व खांदा यांच्या सांध्यावर दाब देण्याच्या, व्हल्कन या मालिकेतील परग्रहवासी जमातीच्या पद्धतीने पाडतो. दोन वर्षांनी, १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ मालिकेत त्याच नटाने तुवॉक या व्हल्कन अधिकाऱ्याची भूमिका केली, आणि तेथे ही विद्या वापरण्याची पाळी त्याची होती.