मानपानाच्या यादीनंतरची दुसरी यादी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर ठरले आहे, तुम्ही पुण्यात खासगी कंपनीत नोकरी करता, होणारी पत्नी बँकेत आहे, आईवडील तुमच्याबरोबर राहतात, हॉल, केटरर आणि बस्ता यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, पण पुढे घरात सलोखा राहावा म्हणून आतापासून काय करावे, आणि विशेषतः आई व पत्नी यांच्यामध्ये आपण कसे वागावे, हे कोणी सांगत नाही. मी कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून अनेक वर्षे काम केले आहे. त्यामुळे माझे मत मुख्यतः मोडत आलेले संसार पाहून बनलेले आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे. सुखाने चाललेली घरे माझ्या टेबलापर्यंत येण्याचे कारणच नव्हते.

स्वभाव जुळले की सगळे जुळते, असे आपल्याकडे मानतात. मला ते पटत नाही. माझ्यासमोर आलेल्या जोडप्यांपैकी बरीच माणसे स्वभावाने चांगली होती; पण पैसा कोणी किती द्यायचा, सुट्टीच्या दिवशी कोणाकडे जायचे, सकाळी साडेसहाला ओट्याशी कोणी उभे राहायचे, या गोष्टी कधी ठरवल्याच नव्हत्या, आणि प्रत्येकाने त्या आपापल्या माहेरच्या किंवा घरच्या रीतीप्रमाणे गृहीत धरल्या होत्या. लग्नाच्या बैठकीत वडीलधारी मंडळी याद्या करतात, जेवणाचा खर्च कोणाकडे, दागिने कोणाचे, मानपान किती, हे लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घेतात, आणि त्यात कोणालाही संकोच वाटत नाही. तशीच एक यादी तुम्ही दोघांनी, वडीलधाऱ्यांना न बसवता, संसाराची करावी, एवढेच माझे सांगणे आहे. ती कायद्याने बांधणारी नसेल आणि दोन वर्षांनी बदलावीही लागेल. पण लिहिताना जे विषय निघतात ते एरवी निघत नाहीत.

पहिला विषय पैशाचा. पगाराचा आकडा स्थळ पाहतानाच दोन्ही घरांना कळलेला असतो, बहुधा थोडा फुगवून. सांगायचे ते देणे. गृहकर्जाचा हप्ता, क्रेडिट कार्डाची थकबाकी, गावच्या घराच्या बांधकामासाठी दरमहा पाठवावे लागणारे पैसे, काकांकडून हातउसने घेतलेली रक्कम, चालू असलेली भिशी, हे सगळे एकमेकांना सांगावे. यात हमखास राहून जाते ते पतसंस्थेच्या कर्जाला मित्रासाठी दिलेले जामीनपत्र. करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि वसुलीची नोटीस घरी येते तेव्हा ती बहुधा पत्नीच्या हातात पडते. रकमेपेक्षा आपल्याला सांगितले नाही याचाच राग तिला अधिक येतो, आणि तो लवकर जात नाही.

तिच्या बाजूनेही देणे असते, हे मुलांच्या लक्षात येत नाही. तिच्या पगारातून तिच्या वडिलांची औषधे येत असतील, धाकट्या भावाची फी भरली जात असेल, तर ते लग्नाच्या दिवशी थांबणार नाही आणि थांबू नये. आईवडिलांची जबाबदारी मुलाचीच, मुलगी परक्या घरी गेली की सुटली, ही समजूत कायद्यालाही मान्य नाही. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात उत्पन्न असलेल्या विवाहित मुलीवरही वडिलांच्या पोटगीची जबाबदारी येऊ शकते असा निर्णय दिला, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातही अपत्य या शब्दात मुलगी धरलेली आहे. म्हणून तुमच्या आईवडिलांसाठीची रक्कम आणि तिच्या आईवडिलांसाठीची रक्कम या दोन ओळी यादीत शेजारी शेजारी लिहाव्यात.

घरखर्चासाठी मला सर्वांत कमी भांडणाची वाटलेली पद्धत अशी: घरासाठी एक संयुक्त खाते ठेवावे, त्यात दोघांनी पगाराच्या प्रमाणात भर घालावी, आणि उरलेला पैसा ज्याचा त्याच्या खात्यात राहावा. एकाचा पगार साठ हजार, दुसऱ्याचा चाळीस हजार आणि घरखर्च चाळीस हजार असेल, तर चोवीस आणि सोळा अशी वाटणी होते. सुनेचा सगळा पगार किंवा तिचे एटीएम कार्ड सासूबाईंकडे ठेवण्याची रीत काही घरांत अजून आहे. तुमच्या घरी कोणाच्या मनात तसे असेल तर ते तुम्ही आजच मोडून काढावे, कारण नंतर ते मोडण्याचे काम तिच्यावर पडते आणि ती वाईट ठरते. शिवाय लग्नाच्या खर्चासाठी वैयक्तिक कर्ज काढणार असाल तर हॉल लहान घ्यावा. एका संध्याकाळच्या जेवणावळीचे हप्ते पुढची चार-पाच वर्षे भरायचे, आणि त्याच काळात घर, बाळंतपण व आईवडिलांची आजारपणे समोर उभी राहायची, हा हिशेब कोणालाच परवडत नाही.

याच ओघात एक बारीक पण कामाची गोष्ट. तुमच्या भविष्य निर्वाह निधीत तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा बहुतेक आईचे नाव नामनिर्देशित केले असेल. लग्नानंतर ते जुने नामनिर्देशन ग्राह्य राहत नाही, नवे भरावे लागते, आणि त्यात पत्नीबरोबर तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचाही वाटा ठरवता येतो. तो ठरवा आणि आईला स्वतः सांगा. आपले नाव काढून सुनेचे घातले, ही बातमी आईला दुसऱ्याच कोणाकडून कळली तर सुनेने काहीही न करता तिच्या नावावर एक अपराध जमा होतो. जीवन विमा नव्याने घेणार असाल तर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पत्नी व मुलांच्या लाभासाठी घेता येतो. असे पैसे सहसा नवऱ्याला कर्ज दिलेल्यांच्या हाती लागत नाहीत.

आता तुमच्या मूळ चिंतेकडे वळते. आई आणि पत्नी यांच्यात सलोखा कसा ठेवावा, असे तुम्ही विचारता तेव्हा तुम्ही स्वतःला पंचाच्या जागी बसवता आहात, असे मला वाटते. ती जागा तुमची नाही. घरातली बहुतेक भांडणे त्या दोघींची दिसतात. पण ज्या कामावरून ती होतात ते काम तुम्ही करत नाही म्हणून ते त्या दोघींच्या वाट्याला आलेले असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे, असे आढळले. मधली दोनशे मिनिटे सासूने करायची की सुनेने, यावर वाद घालण्यापेक्षा त्यातली काही तुम्ही आणि तुमच्या वडिलांनी उचलली तर वादाचा विषयच लहान होतो. ‘मी मदत करीन’ असे यादीत लिहू नका. सकाळचा चहा व डबे, भांडी, धुणे, बाजार, आईच्या दवाखान्याच्या फेऱ्या, अशी कामे लिहून त्यापुढे नाव लिहा. पोळ्यांना बाई लावायची असेल तर ती लग्नाआधी लावा. लग्नानंतर लावली की ‘सून आली आणि घरात परके हात आले’ असे होते.

मग रीतिरिवाज. हा भाग शिकलेल्या घरांत सर्वांत जास्त टाळला जातो, कारण ‘आमच्याकडे तसे काही नाही’ असे दोन्ही बाजूंना मनापासून वाटत असते. मासिक पाळीत बाजूला बसणे, देवघरात न जाणे, चातुर्मास, उपास, घरात अंडे-मासे चालणे न चालणे, मंगळसूत्र व जोडवी रोज घालणे, साडी कधी नेसायची, आडनाव बदलायचे की नाही, याबद्दल एकेक प्रश्न सरळ विचारा, तिलाही आणि आईलाही. नाव बदलणे कायद्याने मुळीच बंधनकारक नाही. तिने नाव तेच ठेवायचे ठरवले असेल तर पत्रिकेवर आणि आत्याबाईंच्या तोंडी काय येईल हे तुम्ही सांभाळायचे. दिवाळी, गौरी-गणपती आणि मे महिन्याची सुट्टी या तिन्हींपैकी काय कोणत्या घरी, हे वर्षाआड आलटून पालटून ठरवलेले बरे असते. घरचा एखादा नियम मान्य नाही असे तिने सांगितले, तर आईशी बोलण्याचे काम तुमचे. आणि बोलताना ‘तिला आवडत नाही’ असे न म्हणता ‘मला असे हवे आहे’ असे म्हणावे. आईचे निरोप पत्नीला आणि पत्नीचे आईला पोचवणारा मुलगा दोघींनाही नकोसा होतो, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की त्याचे मला आता नवलही वाटत नाही.

स्वतंत्र बिऱ्हाड करावे का, असे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते. एकत्र राहण्यात वाईट काहीच नाही. मात्र दोघांना दार लावून बसता येईल अशी एक खोली हवी, आणि त्या दाराला ठोठावल्याशिवाय कोणी येणार नाही, हे घरात ठरलेले हवे. भांडणाच्या भरात ‘हे घर माझ्या नावावर आहे’ हे वाक्य कोणीही उच्चारू नये. ते माणुसकीला धरून नाहीच, शिवाय कायद्यातही त्याला फारसा अर्थ उरलेला नाही, कारण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने सुनेला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी ते सामायिक घर ठरू शकते असे स्पष्ट केले आहे.

आरोग्याविषयी. तुमच्या पत्रिकेत छत्तीसपैकी किती गुण जुळले हे तुम्ही लिहिले आहे, रक्ततपासणीचा मात्र उल्लेख नाही. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारांचे वाहक बाहेरून पूर्ण निरोगी असतात. दोघेही एकाच आजाराचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. गडचिरोलीसह विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल बराच आढळतो, आणि दोघांपैकी एकाचेही मूळ तिकडचे असेल तर ही तपासणी टाळू नये. दोघांचा रक्तगट एकच असला तर लग्न करू नये, ही मात्र निव्वळ कल्पना आहे. पाहायचे ते इतकेच की तिचा गट निगेटिव्ह आणि तुमचा पॉझिटिव्ह असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. गरोदरपणात आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ न देणारे) देतात, आणि प्रश्न तिथेच मिटतो. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांच्या तपासण्या दोघांनी एकाच दिवशी, एकाच ठिकाणी कराव्यात, म्हणजे कोणी कोणावर संशय घेतला असे होत नाही. चालू असलेली औषधे, त्यात मनाच्या आजारावरचीही, लपवू नयेत. महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून लग्न केले तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली ते रद्द करून मागता येते. पण कायद्याचे राहू द्या, रोजची गोळी बाथरूममध्ये जाऊन घेणाऱ्या माणसाला घरात विसावा कसा मिळणार?

मूल कधी आणि किती, किंवा नकोच, हे दोघांनी आधी बोलावे, आणि सासूबाईंच्या प्रश्नाला उत्तर कोण देणार हेही. तिच्या नोकरीबद्दल एक वेगळा मुद्दा आहे. बँकेत बढतीबरोबर बदली येते, कधी परराज्यातही. ती बढती नाकारणार, की काही वर्षे दोन गावी संसार चालणार, की तुम्ही घरून काम करून तिच्या गावी जाणार? ‘तेव्हाचे तेव्हा बघू’ म्हणणाऱ्या घरांत ते बहुधा तिलाच बघावे लागते.

ही बोलणी पत्रिका छापायला जाण्याआधी पुरी करावीत. केळवणे सुरू झाली की कोणालाच नाही म्हणण्याचे धैर्य होत नाही. एकाच बैठकीत सगळे उरकू नये. एका भेटीला एक विषय पुरे, आणि घरी नव्हे तर बाहेर कुठेतरी बसून. एखाद्या विषयावर तुमचे पटले नाही तर घाबरू नका, मतभेद सगळ्यांचे असतात. घाबरायचे ते तेव्हा, जेव्हा प्रश्न विचारला म्हणून एकाला राग येतो, देणी सांगायला टाळाटाळ होते, किंवा ‘लग्नानंतर तुला आमच्या घरची सवय होईल’ असे उत्तर मिळते. साखरपुडा झाला असला तरी अशा वेळी थांबता येते. मोडलेल्या साखरपुड्याची बदनामी वर्षभरात विरते. विवाहपूर्व समुपदेशकाकडे दोघांनी मिळून जाणेही चांगले, विशेषतः पैशाचा विषय काढला की बोलणे थांबत असेल तर.

उरली कागदपत्रे. लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवावी, असे हुंडा प्रतिबंधक कायद्याखालचे १९८५ चे नियमच सांगतात: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते, आणि खाली वधू-वरांच्या सह्या. हुंडा कोणत्याही नावाने घेऊ नये हे सांगण्याची वेळ येऊ नये, तरी ‘मुलीच्या हौसेने’ येणारी गाडी हाही हुंडाच असतो, हे आईवडिलांना समजावून सांगा. तिचे दागिने तिचे स्त्रीधन, म्हणजे तिच्या एकटीच्या मालकीचे धन आहे. लॉकर तिच्या नावाने घ्यावा. विवाहनोंदणीसाठी तीन साक्षीदार लागतात, बरोबर लग्नपत्रिका आणि फोटो ठेवावा, आणि मुदतीनंतर दंड भरावा लागतो म्हणून पाहुणे गावी परतण्याआधीच साक्षीदारांच्या ओळखपत्रांच्या प्रती घेऊन ठेवाव्यात.