मनगट साडेसोळा सेंटीमीटर, घड्याळ ४२ मिलिमीटर

प्रश्न : माझं मनगट साडेसोळा सेंटीमीटर आहे आणि ४२ मिलिमीटरचा रेसिंग क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) घ्यायचा आहे. दुकानात घालून पाहताना काय तपासू? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : डायलच्या व्यासापेक्षा पट्टा जिथे जोडतो त्या वरच्या-खालच्या टोकांमधलं अंतर मोजा. ते मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेलं, तर घड्याळ डुगडुगणारच. जाडी १४ मिलिमीटरच्या वर असेल तर फुल शर्ट घालून बघा, कफ अडतो.

स्टीलचा पट्टा एसीत घट्ट बसवून घेऊ नका. नागपूरच्या मे महिन्यात मनगट फुगतं. करंगळी आत जाईल एवढी जागा हवी. क्लास्पमध्ये (पट्टा बंद करायच्या कडीत) बारीक अ‍ॅडजस्टमेंट आहे का, तेही विचारा.

मग बटणं. रोलेक्सच्या डेटोनासारख्या घड्याळात ती आधी आटे फिरवून मोकळी करावी लागतात, जोर लावू नका. वरचं दाबून सुरू, पुन्हा दाबून बंद, खालचं दाबून शून्य. फ्लायबॅक (न थांबवता शून्यावर आणून लगेच पुन्हा सुरू करायची सोय) नसेल तर चालू असताना खालचं दाबायचं नाही. शून्य केल्यावर स्टॉपवॉचचा काटा नेमका १२ वर परतला नाही, तर दुसरा नग मागा.

टॅकीमीटर (डायलभोवतीची वेग मोजायची पट्टी) सोपं आहे : एक किलोमीटरला ३० सेकंद लागले की काटा १२० दाखवतो, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. समृद्धीवर करून बघा, पण बटण शेजारी बसलेल्याने दाबायचं.