पैंजणाची नक्कल झाली, आता डिझाइन रजिस्टर होईल का?

ताई, तुम्ही स्वतः काढलेलं चांदीचं पैंजण इन्स्टाग्रामवर टाकलंत आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्याने हुबेहूब तसंच विकायला काढलं. त्या पैंजणाची नोंदणी आता विसरा. डिझाइन कायदा, 2000 प्रमाणे अर्जाआधी डिझाइन देशात-परदेशात कुठेही प्रसिद्ध झालेलं चालत नाही, आणि प्रसिद्धी तुम्हीच केलीत म्हणून सूट नाही. नजरचुकीने नोंदणी मिळालीच, तरी समोरचा तुमचीच पोस्ट दाखवून ती रद्द करून घेईल.

पण एक वाट उरते, तिच्याकडे फार जणांचं लक्ष जात नाही. मूळ रेखाटनावर तुमचा कॉपीराइट आहे. मात्र नोंदणीजोगं असून न नोंदवलेल्या डिझाइनचे औद्योगिक पद्धतीने 50 हून जास्त नग निघाले की कॉपीराइट कायद्याच्या कलम 15 खाली तो संपतो. मोजायचे ते तुम्ही किंवा तुमच्या परवानगीने काढलेले नग, नक्कल करणाऱ्याचे नव्हेत. तेव्हा किती नग निघाले ते पाहायला कास्टिंगवाल्याची (साच्यातून चांदी ओतून नग काढून देणाऱ्याची) बिलं आधी काढा. आकडा 50 च्या आत असेल तर तारखेची रेखाटनं घेऊन वकिलाकडून नोटीस द्या.

पुढच्या डिझाइनला अर्ज आधी, फोटो नंतर. अर्ज ऑनलाइन होतो, व्यक्तीला फी 1000 रुपये. संरक्षण 10 वर्षं, वाढवून 15. फोटो सगळ्या बाजूंनी, साध्या पार्श्वभूमीवर काढा. पायात घातलेलं पैंजण नको. आणि हक्क फक्त तुमच्या नव्या घडणीवर मिळेल. ठुशी, कोल्हापुरी साज, चिंचपेटी यांचे रूढ घाट कुणा एकाचे होत नाहीत.

नोंदवलेल्या डिझाइनची नक्कल करणाऱ्याकडून कायद्याने ठरलेली रक्कम मिळते ती दर उल्लंघनाला 25,000 पर्यंत, एका डिझाइनमागे फार तर 50,000. त्याऐवजी नुकसानभरपाई आणि मनाईहुकमाचा दावा जिल्हा न्यायालयात लावता येतो. माझ्या मते आपल्यासारख्यांना खरा उपयोग मनाईहुकमाचाच. पैशांच्या मागे लागलात तर वकिलाची फीही सुटणार नाही.

अजून एक. डिझाइन बऱ्याचदा फुटतं ते कास्टिंगच्या दुकानात. रबर मोल्ड, म्हणजे साचा, तिथेच पडून राहतो, त्यात मेण भरलं की कुणाच्याही नावाचा माल तयार. ऑर्डर संपली की मोल्ड परत घ्या, आणि कॅड करणाऱ्याकडून, म्हणजे संगणकावर डिझाइन उतरवणाऱ्याकडून, फाइलचे हक्क तुमच्या नावावर असल्याचं लिहून घ्या. काम देण्याआधी, बिल चुकवताना नव्हे.